विमलाबाईचा हात आणि विहिणीचं झाड

कोंढ्यात विमलाबाईच्या हाताची कीर्ती होती. स्वयंपाकाची नव्हे बरं का! स्वयंपाक ती आपला कसाबसा उरकायची, आणि वरणात मीठ विसरण्याच्या बाबतीत तर अख्ख्या पवनी तालुक्यात तिच्या जोडीचं कुणी नव्हतं. कीर्ती होती ती लावणीची. शेवग्याची काडी असो, मोगऱ्याची फांदी असो, विमलाबाईनं मातीत खोचली की ती लागलीच म्हणून समजा. लोक खड्डा आपापला खणायचे, पण काडी धरायला तिला बोलवायचे. ती यायची, काडीच्या वरच्या तोंडावर शेणाचा गोळा थापायची, काडी रोवायची, यजमानांना दम द्यायची की आता रोज उकरून पाहायचं नाही, आणि चहा पिऊन घरी जायची. काडी फुटायची. आता शेवग्याची काडी कुणीही लावली तरी फुटते, हे तुम्हांला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण कोंढ्यात हे बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती, तिच्या नवऱ्याची, मंगरूची, तर मुळीच नव्हती.

रोवणीच्या दिवसांत तिचा तोरा काय वर्णावा! बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरलेलं, चिखल लोण्यासारखा झालेला, कडेच्या धुऱ्यावर पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या पडलेल्या, आणि बायका साड्या खोचून उभ्या. पण पहिला पऱ्हा विमलाबाईनं रोवल्याशिवाय एकही बाई पाण्यात पाय घालायची नाही. तिनं अंगठ्यानं तो चिखलात दाबला की मग बाकीचे हात चालू. अशी सवय वर्षानुवर्षं लागली म्हणजे माणसाला वाटायला लागतं की धान पाण्यामुळं नाही, आपल्यामुळंच उगवतं. विमलाबाईलाही तसं थोडं वाटायचं. खोटं कशाला बोला, बरंच वाटायचं.

ही कीर्ती तुमसरपर्यंत पोचली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

तुमसरला विमलाबाईची विहीण राहायची, मंदाबाई. विमलाबाईची एकुलती एक लेक रश्मी मंदाबाईंच्या जीवनला दिलेली. नवराबायको दोघं पुण्यात नोकरीला, आणि मंदाबाई तुमसरच्या घरात एकट्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, पुस्तकातल्यासारखं, आवाज कधी चढायचा नाही. आणि विमलाबाईला नेमकी त्याचीच धास्ती होती. चढणाऱ्या आवाजाशी भांडता येतं, न चढणाऱ्याशी काय करायचं? लग्नानंतर दोनदा त्या कोंढ्याला आल्या होत्या. दोन्ही वेळा खुर्चीच्या कडेवर बसल्या, अर्धा कप चहा घेतला आणि उजेडातच निघून गेल्या. सुनेच्या माहेरी मुक्काम करू नये, अशी त्यांच्या घरची रीत. त्या गेल्या की विमलाबाई सुटल्यासारखी पाय पसरून बसायची.

त्या वर्षी आषाढात, रोवणी ऐन भरात असताना, मंदाबाई भाड्याच्या गाडीनं दारात उतरल्या. मागच्या सीटवर एक झाड बसलं होतं. बसलं होतं असंच म्हणायला हवं, कारण ते छातीभर उंच होतं आणि ड्रायव्हरनं त्याला दोरीनं सीटला बांधून आणलं होतं. पानं सुपाएवढी, हिरवीगार, आणि प्रत्येक पानाला लांब लांब चिरा आणि भोकं. मधोमध काथ्या गुंडाळलेली काठी, आणि तिला धरून झाड वर चढलेलं.

शेजारची शकुबाई कुंपणावरून मान उंचावून पाहतच होती. पानांची भोकं दिसली तशी ती हळहळली, अळीनं पार चाळणी केली म्हणाली, आणि घरात धानावर मारायचं औषध शिल्लक आहे ते आणू का, असंही विचारून मोकळी झाली. मंदाबाईंनी मान न वळवता सांगितलं की अळी नाही, पानंच तशी असतात, या झाडाला मॉन्स्टेरा म्हणतात. शकुबाईला ते नावसुद्धा औषधाचंच वाटलं.

मंदाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात व्हायचं होतं. दसरा होईपर्यंत त्या तिकडंच राहणार होत्या. झाड घरात, खिडकीपाशी वाढलेलं, त्याला उन्हात टाकता येत नाही आणि बंद घरात सोडताही येत नाही. शेजाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

"रश्मी तुमच्या हाताबद्दल नेहमी सांगते," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदाच पाणी घाला. जास्त नको. यांनी आणलेलं झाड आहे."

'यांनी' म्हणजे लक्ष्मणरावांनी. तुमसर रोड स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर नोकरी केलेला हसरा माणूस, रश्मीच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच वारलेला. मंदाबाईंनी पदराच्या टोकानं एका पानावरची धूळ पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि गाडीत जाऊन बसल्या. विमलाबाईची छाती अशी फुगली की तिला नीट निरोपही देता आला नाही. विहिणीनं, त्या विहिणीनं, आपल्या हाताचं नाव काढलं होतं.

संध्याकाळी बांधीतून परत आल्यावर तिनं कुंडीत बोट खुपसलं आणि तिला धक्काच बसला. ती मातीच नव्हती! नारळाचा भुसा, कोळशाचे तुकडे, विटेचा चुरा, असलं काहीबाही. चुलीतला कचरा बरा म्हणायचा. आणि त्यात ओल नावाला नाही. सोन्यासारखं झाड, आणि मास्तरीणबाईंनी त्याला उपाशी-तापाशी वाढवलं होतं. ते आता आपल्या घरी पाहुणं आलं आहे, आणि पाहुण्याला आठवड्यातून एकदा पाणी? कुणी ऐकलं तर काय म्हणेल!

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या बांधीतला काळा चिखल घमेलं भरून आणला. अंगणात ओतून पायानं तुडवला, खडा न् खडा काढला. मग झाड उपटून मुळांचा सगळा भुसा झाडला, पऱ्ह्याची मुळं धुतात तशी ती पाण्यात खळखळ धुतली, आणि त्या चिखलात झाड रोवून चारी बाजूंनी अंगठ्यानं दाबून दाबून बसवलं. वर कुंडी घमेल्यात ठेवून घमेलं पाण्यानं काठोकाठ भरलं. झाली बांधी तयार. मंगरू ओट्यावर बसून पाहत होता. विहीणबाई आठवड्यातून एकदा म्हणाल्या होत्या ना, एवढं त्यानं भीत भीत विचारलं.

"तुमसरात पाण्याचे वांधे असन म्हणून बोलल्या त्या," विमलाबाई म्हणाली. "आपल्या इथं कायले जीव तोडायचा त्याचा?"

आणि सांगायला वाईट वाटतं, पण झाड सुरुवातीला अगदी टवटवीत दिसलं. पानं चकाकायला लागली. मंगरूनं मोबाइलवर फोटो काढून पुण्याला पाठवला, आणि मंदाबाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'छान'. विमलाबाईनं तो शब्द शकुबाईला जाऊन दाखवला. नंतर पाणी भरायला येणाऱ्या आणखी दोघींना दाखवला.

मग एक पान पिवळं पडलं. तिनं पाणी वाढवलं. दुसरं पडलं, तेव्हा रोवणीनंतर धानाला देतात तसा चिमूटभर युरिया टाकला. तिसरं, चौथं. एका सकाळी कुंडीजवळ गेली तर नालीसारखा वास आला. खोड दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. झाड ओढलं तसं ते हातात आलं, आणि मुळांच्या जागी काळा लिबलिबीत गाळ.

विमलाबाई तिथंच अंगणात बसली आणि रडली. चांगली हमसून हमसून रडली. झाडाचं दुःख होतंच; हातानं झाड मारायची ही तिची पहिलीच वेळ. पण त्याहून मोठं हे, की गेलेल्या माणसाची आठवण विहिणीनं विश्वासानं आपल्या ओटीत टाकली होती आणि ती आपण पायानं तुडवलेल्या चिखलात कुजवली. आता ती बाई पुन्हा या दारात पाय ठेवेल का? आणि आपल्या लेकीला तर अख्खा जन्म तिच्याच घरात काढायचा आहे.

तिनं रश्मीला फोन लावला. रश्मीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, परवा आईंचं ऑपरेशन आहे, आत्ता सांगू नको. पण मीही तुझ्या वतीनं सांगणार नाही, तुझं तुलाच सांगावं लागेल. मग तिनं कुठं कुठं विचारून, वाचून, संध्याकाळी परत फोन केला. कुजलेलं सगळं कापून टाक, खोड आतून हिरवं आणि टणक लागेल तिथपर्यंत काप. राहील त्याचे तुकडे कर आणि पाण्याच्या बाटलीत ठेव. पाणी बदलत जा. मुळं फुटेपर्यंत मातीचं नाव काढू नको. आणि आई, हात जोडते, चिखलाचं तर अजिबातच काढू नको.

विमलाबाईनं विळा घासला. तिनं आधी कापलं ते सगळ्यांत देखणं पान, लांब दांड्यासकट, आणि काचेच्या बरणीत राजासारखं उभं केलं. ते पान पुढं कितीतरी दिवस तसंच राजासारखं उभं राहिलं आणि त्यानं काडीचंही काम केलं नाही. दांड्याला फुटायला जागाच नव्हती. पण हे तिला कळलं उरलेल्या खोडावरून हात फिरवताना. खोडावर पेरं होती, आणि पेरापेराशी एक बारीक फुगवटा. विमलाबाईच्या बोटांना ती वस्तू ओळखीची लागली. हा तर डोळा! उसाचं बेणं तोडताना डोळा सांभाळून तोडतात, तोच हा. डोळा नसेल तर अंकुर येणार कुठून? तिनं मग डोळे धरून खोडाचे तीन तुकडे केले.

तुकडे केले आणि तिचा हात आपोआप शेणाकडं गेला. इतक्या वर्षांची सवय, वरच्या तोंडाला शेण लागलंच पाहिजे. बोटं शेणात बुडायच्या आत तिनं हात मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हाताची भीती वाटली.

तीन तुकडे तीन बरण्यांत, माजघराच्या खिडकीत. पहिल्या तुकड्याला बुरशी आली. दुसरा उजेडासाठी ओट्यावर ठेवला होता, त्याला शकुबाईच्या बकरीनं तोंड लावलं. त्या झाडाचा चीक खाजरा. बकरी दिवसभर जीभ बाहेर काढून असं ओरडली की शकुबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडायला आली, आणि विमलाबाईला विहिणीच्या झाडाबद्दल रडायचं सोडून बकरीच्या जिभेला तेल लावत बसावं लागलं. राहिला तिसरा. सगळ्यांत खालचा, सगळ्यांत कुरूप, एकही पान नसलेला, बोटभर ठोकळा.

आता खरी परीक्षा सुरू झाली. त्या ठोकळ्याला करायचं असं काहीच नव्हतं. खत नाही, माती नाही, दाबायचं नाही, उकरायचं नाही. पाणी बदलायचं आणि गप्प बसायचं. विमलाबाईचे हात नुसते शिवशिवायचे. ती दिवसातून दहादा खिडकीशी जायची, बरणी उचलायची, उजेडात धरायची आणि ठेवायची.

"काय करून राहिली वो?" मंगरूनं एकदा विचारलं.

"काहीच नाई," ती वैतागून म्हणाली.

"तेच करत राय," मंगरू म्हणाला. उभ्या संसारात बायकोनं ऐकलेली त्याची ही पहिलीच सूचना असावी.

पुण्याचं ऑपरेशन नीट झालं. मंदाबाई हिंडूफिरू लागल्या तसे त्यांचे फोन यायला लागले. त्यांना व्हिडिओवर झाड पाहायचं असायचं. विमलाबाईनं काय काय थापा मारल्या म्हणता! कोंढ्यात टॉवर बिघडला आहे. मंगरूचा मोबाइल पाण्यात पडला. झाड आत ठेवलं आहे आणि आत लाइट नाही. एकदा तर मंदाबाई शांतपणे म्हणाल्या की तुमचा आवाज तर स्वच्छ येतो आहे. त्या दिवशी विमलाबाईला जेवण गेलं नाही. पण सांगण्यासाठी उघडलेलं तोंड ती दर वेळी मिटायची. तिकडं माणूस दुखण्यात आहे, आपण इथून घाव कसा घालायचा, असं ती स्वतःला समजवायची. त्यातलं निम्मं खरं होतं. निम्मी निव्वळ भीती होती.

भादव्यात एका सकाळी ठोकळ्याच्या बुडाशी पांढरं टोक दिसलं, मोड आलेल्या मुगासारखं. विमलाबाईनं नवऱ्याला हाक मारली, शकुबाईला हाक मारली, रागावलेली असूनही शकुबाई आली, आणि तिघं बरणीभोवती उभी राहिली. पुढं त्या टोकाचं मूळ झालं, त्याला फाटे फुटले, आणि वरचा डोळा फुगून हिरवा झाला. एवढा आनंद तिला अख्खी बांधी हिरवी झाल्यावर झाला नव्हता. ठोकळा जिवंत होता. पण ठोकळा तो ठोकळाच. छातीभर झाडाच्या बदल्यात विहिणीच्या हातात बोटभर लाकूड ठेवायचं कोणत्या तोंडानं?

मंगरूनं यावर आपला उपाय शोधला. तो दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचा. येताना लोक पुस्तकं आणतात, बुद्धाची मूर्ती आणतात, कॅलेंडर आणतात. मंगरूही दर वर्षी एक पुस्तक आणायचा. त्या वर्षी तो बसमधून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात निळा झेंडा होता आणि दुसऱ्या काखेत छातीभर उंचीचं, भोकाभोकांच्या पानांचं, थेट तसलंच झाड. नागपूरच्या एका नर्सरीतून आणलेलं. एवढ्या गर्दीच्या बसमध्ये त्यानं ते कसं सांभाळलं कोण जाणे, चेहऱ्यावर पानांचे ओरखडे होते.

"ठेवून दे त्या जागेवर," तो म्हणाला. "इहीनबाईले काय समजते?"

विमलाबाई त्याला खूप बोलली. मेल्याहून मेल्यासारखं करतो म्हणाली, थापांवर कळस चढवतो म्हणाली. आणि बोलून झाल्यावर तिनं ते झाड उचलून त्याच जागेवर ठेवलं. मन कच्चं असलं म्हणजे असं होतं. बरणी तिनं आत फडताळात सरकवली.

पुढच्याच आठवड्यात मंदाबाई आल्या. हातात काठी, पण चाल सरळ. ओट्यावर चढताच त्यांना झाड दिसलं, आणि त्यांचा तो कडक चेहरा असा उजळला की विमलाबाईनं असा चेहरा त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्या खुर्चीवर न बसता थेट झाडाशी गेल्या. कुणी ऐकत नाही अशा समजुतीनं हलक्या आवाजात म्हणाल्या, "आले मी. बघा, चालत आले." आणि पानावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मागं विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. मंगरू पलीकडून डोळ्यांनी खुणावत होता, गप्प राहा, गप्प राहा. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. विहीण खूश, लेकीचा संसार सुखात, हाताची कीर्ती शाबूत. तुम्ही-आम्ही असतो तर राहिलोही असतो गप्प. पण ती बाई नवऱ्याशी बोलत होती, आणि समोर होतं नर्सरीतलं परकं झाड. विमलाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"इहीनबाई," ती म्हणाली, "हे तुमचं झाड नोहे."

मंदाबाईंनी पानावरचा हात काढून घेतला.

"तुमचं म्या मारलं जी. पाण्यात ठेवलं, चिखलात रोवलं, कुजवलं. तुमी एकदा पाणी घाला म्हटलं होतं, म्या आयकलं नाई. मले वाटलं माह्या हाताले सारं समजते. फोनवर खोटं बोलली. हेही खोटंच आहे, पण याच्यात माह्या नवऱ्याचा काही दोष नाई, ठेवलं म्या."

मंगरू कुठं नजर ठेवावी हे न कळून पायांकडं पाहू लागला. मंदाबाई तिच्याकडं वळल्या.

"मग माझं कुठं आहे?"

विमलाबाईनं आतून बरणी आणून त्यांच्या हातात दिली. पाण्यात पसरलेली पांढरी मुळं, त्यावर बोटभर ठोकळा, आणि ठोकळ्याच्या डोळ्यातून निघालेली हिरवी, घट्ट गुंडाळलेली सुई.

"एवढंच?"

"एवढंच जी."

मंदाबाई खुर्चीवर बसल्या. बरणी मांडीवर. "मला राग आला आहे," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "फार राग आला आहे." विमलाबाईनं मान हलवली. कुंपणावर शकुबाई होती, तीसुद्धा मान खाली घालून घरात गेली, आणि शकुबाई आपणहून घरात गेली हे कोंढ्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. चहा आला, निवला. रस्त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मंदाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या बरणी उजेडाकडं फिरवून त्या हिरव्या सुईकडं पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, हे पान कधी उघडेल? आज नाहीतर उद्या उघडेल, विमलाबाई म्हणाली.

"ड्रायव्हरला जायला सांगा," मंदाबाई म्हणाल्या. "हे उघडल्याशिवाय मी जाणार नाही."

सुनेच्या माहेरी मंदाबाईंचा मुक्काम! मग एकच धांदल उडाली. मंगरू धुतलेली चादर शोधायला धावला, विमलाबाई चुलीपाशी. लाखोळीची डाळ, भात, जवसाची चटणी. मंदाबाईंनी पहिला घास खाल्ला आणि मीठ मागितलं. विमलाबाई मेल्याहून मेली झाली. पण मीठ घालून त्यांनी वाढून घेतलं, पुन्हा एकदा घेतलं. जेवताना त्यांनी झालं कसं ते नीट विचारलं, आणि विमलाबाईनंही काही न लपवता सांगितलं. भुसा कसा झाडला, मुळं कशी धुतली.

"चिखल पायानं तुडवला?" मंदाबाईंनी विचारलं.

"हाव. चांगला लोण्यासारखा केला."

"आणि युरिया?"

"चिमूटभरच."

मंदाबाईंचे ओठ हलले. त्यांनी घास खाली ठेवला, तोंडाला पदर लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. विमलाबाईला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. मुख्याध्यापकीच्या सगळ्या वर्षांत दाबून ठेवलेलं हसू असल्यासारख्या हसत होत्या. झाडाची रोवणी केली म्हणाल्या, अख्खी रोवणी केली माझ्या झाडाची. मग विमलाबाईलाही हसू फुटलं, आणि मंगरूला वाटलं की आता आपणही हसलेलं चालेल. जेवणं झाल्यावर मंदाबाईंनी समजावून सांगितलं की या झाडाच्या मुळांना हवा लागते, म्हणून तो भुसा आणि कोळसा. विमलाबाईनं ते एखाद्या पोरीसारखं ऐकलं. नागपूरचं ते मोठं झाड शकुबाईला द्यावं, बकरीची भरपाई म्हणून, असंही तिथंच ठरलं.

सकाळी विमलाबाई आधी उठली आणि खिडकीशी गेली. पान उघडलं होतं. कोवळं, तळहाताहून लहान, ओलं असल्यासारखं चमकणारं. तिनं बरणी उचलली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली. पान अख्खं होतं. एक चीर नाही, एक भोक नाही. साधं, बदामाच्या आकाराचं, कुठल्याही वेलीला असतं तसलं पान. म्हणजे आपल्या हातून झाडच बदललं की काय? एवढं सगळं होऊन हे भलतंच काहीतरी उगवलं?

ती तशीच बरणी घेऊन मंदाबाईंच्या खाटेशी गेली. त्या जाग्याच होत्या.

"इहीनबाई, पान उघडलं. पण याले भोकच नाई."

मंदाबाईंनी उशाचा चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला. बरणी दोन्ही हातांत धरून त्या पाहत राहिल्या. पाहता पाहता त्यांचा चेहरा मऊ होत गेला, आणि बोलू लागल्या तेव्हा ती पुस्तकातली बोली कुठल्या कुठं गेली होती.

"असंच आनलं होतं जी यायनं," त्या म्हणाल्या. "ओल्या रुमालात गुंडाळून, पॅसेंजर गाडीनं. एकच पान होतं, एवढंसं, अख्खं. मी म्हटलं कोनतं गवत उचलून आनलं. हे म्हने, थांब नं, वाढू तं दे. हेच पान जी. मी इसरूनच गेली होती, एवढंसं होतं म्हनून."

आणि त्या रडू लागल्या, पण चेहऱ्यावर हसू होतं. विमलाबाई खाटेवर त्यांच्याशेजारी बसली. विहिणीच्या शेजारी एका खाटेवर ती कधी बसली नव्हती. मोठं झाड तिनं कुजवलं होतं, ते परत येणार नव्हतं. पण लक्ष्मणरावांनी स्टेशनातून घरी आणलेलं पहिल्या दिवसाचं झाड तिच्या बरणीत उभं होतं, आणि मंदाबाई त्याच्याकडून नजर काढत नव्हत्या.

बराच वेळ गेल्यावर मंदाबाईंनी डोळे पुसले आणि बरणी विमलाबाईकडं दिली.

"कुंडीत लावा," त्या म्हणाल्या. "तुमीच लावा."

विमलाबाईनं बरणी परत त्यांच्याकडं सरकवली. तिनं नको म्हटलं, तुम्हीच लावा म्हटलं. मंदाबाईंनी ऐकलं नाही. मंगरूनं भुसा आणि कोळशाचा चुरा आणून दिला. दोघी ओट्यावर बसल्या. मंदाबाईंनी ठोकळा सरळ धरला आणि विमलाबाईनं भोवतीनं हलक्या हातानं, न दाबता, कुंडी भरली.